गाडीतून उतरल्यावरची पहिली दहा मिनिटं: आपलं बडोदा आणि इतर स्टेशनं

दांडियाबाजारची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात भाच्याच्या साखरपुड्याला मुलीकडची अकरा माणसं पुण्याहून आमच्याकडे आली. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी साडेसहाच्या सुमारास बडोद्याला उतरली. मी आणि माझे यजमान घ्यायला गेलो होतो. पाहुण्यांत मुलीच्या मोठ्या आत्या होत्या, वय पंच्याहत्तरच्या पुढे. बडोद्यात पहिल्यांदाच येत होत्या. फलाटावर पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी मला विचारलं, "हेच का गं सयाजीरावांचं गाव?"

मी हो म्हटलं. पण मनात आलं, इथे उभं राहून त्यांना ते कळावं कसं? समोर चहाची गाडी, बॅगांचे ढीग, जिन्याकडे धावणारी माणसं. हे तर कुठल्याही मोठ्या स्टेशनावर दिसतं.

यजमानांनी सामान आणि बाकीची मंडळी रिक्षांत बसवली. आत्यांना म्हटलं, रात्रभर बसून पाय आखडले असतील तर माझ्याबरोबर जरा चला. सयाजीगंजच्या बाजूने बाहेर पडून आम्ही हळूहळू युनिव्हर्सिटीच्या कुंपणापाशी आलो. नुकतं उजाडलं होतं. आर्ट्स फॅकल्टीच्या घुमटाच्या माथ्यावर ऊन आलं होतं, खालची इमारत अजून सावलीत होती. आत्यांनी कुंपणाची सळी धरली आणि बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "अगं, हा तर विजापूरचा गोलघुमट!"

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्या विजापूरला गेल्या होत्या, त्यानंतर कधीच नाही. तरी ओळखला, आणि बरोबर ओळखला. वास्तुविशारद चिझमसाहेबांनी १८८० च्या दशकात बडोदा कॉलेजची ही इमारत उभी केली तेव्हा गोलघुमटच नजरेसमोर ठेवला होता. त्या दिवशी साखरपुड्यात येईल त्याला आत्या आधी घुमटाचं सांगत होत्या, मग मुलाचं.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. पाहुण्याच्या मनात गाव कुठे बसतं? माझ्या मते स्टेशनच्या इमारतीत नाही, तर गाडीतून उतरल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत. कुठून बाहेर पडायचं हे कळलं का, पहिल्यांदा कोण बोललं आणि कसं बोललं, डोळ्यांसमोर काय आलं, यावर सगळं ठरतं. आपल्या बडोद्याचं भाग्य असं की स्टेशनाला लागूनच गावातलं उत्तमातलं उत्तम आहे. पण जो नुसता रिक्षात बसून निघून जातो त्याला त्याचा पत्ता लागत नाही.

तुम्हाला असं कुठल्या स्टेशनानं जिंकलंय? बडोद्याबद्दलही लिहा आणि बाहेरच्याही सांगा. इमारतीचं वर्णन नको, उतरल्यावर काय झालं ते लिहा.

---

मांडवीकर

सुंदर धागा. आत्यांना नमस्कार सांगा.

बडोद्यात येणाऱ्या पाहुण्याला मी फोनवर घराचा पत्ता नंतर सांगतो, आधी सांगतो की कुठल्या बाजूने बाहेर पडायचं. सयाजीगंजची बाजू म्हणजे एक नंबरचा फलाट. रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी, सूरसागर, म्हणजे जुन्या गावात जायचं तर ही बाजू. अलकापुरी, रेसकोर्सकडे जायचं तर पलीकडची. चुकीच्या बाजूने बाहेर पडला तर रुळांच्या खालून गरनाळ्यातून किंवा पुलावरून वळसा घालून यावं लागतं, आणि पावसाळ्यात गरनाळं भरलं की विचारूच नका. गावाबद्दलचं पहिलं मत तिथेच बिघडतं.

सयाजीगंजच्या बाजूला एसटीचा डेपो चालत पाच मिनिटांवर आहे, सिटी बस जनमहालच्या तिथून मिळते. डभोई, चांदोद, छोटाउदेपूर, कुठेही जायचं असलं तरी रिक्षा लागत नाही. इतकं जवळजवळ सगळं किती शहरांत असतं? नवा पाहुणा मात्र बाहेर आला की पहिल्या रिक्षावाल्याला "एसटी स्टँड" म्हणतो, आणि रस्ता ओलांडण्यासाठी रिक्षात बसतो.

---

रुळावरून

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. गावाची पहिली छाप स्टेशनच्या आधीच पडायला लागते.

मुंबईकडून येताना भरूचच्या अलीकडे नर्मदा लागते. शेजारी १८८१ चा जुना गोल्डन ब्रिज दिसतो. डब्यातली म्हातारी माणसं हात जोडतात, कोणी "नर्मदे हर" म्हणतं, कोणी खिडकीतून नाणं टाकतं. मग भरूचची खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, घेऊन विकणारे डब्यात चढतात. त्यानंतर मियागाम करजण येतं, आणि तिथे मी शेजाऱ्याला हटकून एक गोष्ट सांगतो. १८६२ मध्ये खंडेराव महाराजांच्या काळात डभोई ते मियागाम अशी छोट्या रुळांची गाडी सुरू झाली. रूळ अडीच फुटी. आणि गाडी ओढायला इंजिन नव्हतं, बैल होते! रूळ इतके हलके होते की त्यांवर इंजिन चालवता येईना. मग वजनदार रूळ टाकले आणि १८७३ पासून इंजिनं धावली. हिंदुस्थानातली ही पहिली नॅरोगेज. पुढे डभोई तर छोट्या रुळांचं मोठं जंक्शन झालं.

हे ऐकलेला माणूस बडोद्याला उतरतो तेव्हा नुसता उतरत नाही, एका जुन्या रेल्वेच्या गावात उतरतो. प्रतापनगरला रेल्वेचं हेरिटेज पार्क आहे, छोटी इंजिनं ठेवली आहेत. मुलं बरोबर असतील तर तिथे नक्की न्या. माझ्या नातवाने एका इंजिनाच्या चाकाला हात लावला आणि म्हणाला, आजोबा, हे माझ्या खांद्याएवढंच आहे.

बैलांच्या रेल्वेचं एक चित्र बडोदा स्टेशनच्या मोठ्या भिंतीवर पाहायची माझी फार इच्छा आहे. एवढी गोष्ट दुसऱ्या कोणाकडे नाही.

---

माहेर_बडोदा

मी सध्या जपानात कानाझावाला राहते, म्हणून इथलं सांगते.

हे गाव पावसाचं आणि बर्फाचं. इथे म्हण आहे, जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. इथल्या स्टेशनच्या पूर्वेच्या दारासमोर २००५ मध्ये काचेचा प्रचंड मांडव उभा केला. कल्पना अशी की पाहुणा गाडीतून उतरून बाहेर आला की गावाने त्याच्या डोक्यावर छत्री धरावी. त्याच्या पुढे लाकडी कमान आहे, खांब पीळ घातल्यासारखे. 'नो' या जपानच्या पारंपरिक नाटकात वाजवतात त्या त्सुझुमी नावाच्या ढोलकाचा आकार त्यांना दिलाय. या गावात नो नाटकाची जुनी परंपरा आहे, म्हणून ढोलक.

मी पहिल्यांदा आले तेव्हा नोव्हेंबर होता, धो धो पाऊस, दोन बॅगा आणि कडेवर दीड वर्षाची मुलगी. भाषा येत नव्हती. त्या मांडवाखाली उभी राहिले आणि काचेवर पडणारा पाऊस बघत मुलीला दूध पाजलं. कोरड्या जागेत, निवांत. मला या गावाची भीती वाटली नाही ती तिथपासून.

सांगायचं एवढंच की त्यांनी आधी आपल्या गावात पाहुण्याला कशाचा त्रास होतो ते पाहिलं आणि मग त्यावर बांधलं. बडोद्यात त्रास उन्हाचा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोनच्या गाडीने उतरलेल्या माणसाला दारापासून रिक्षापर्यंत आणि बसपर्यंत सलग सावली मिळावी, आणि वाटेत थंड पाण्याचा नळ. आपल्याकडे पाणपोईची जुनी पद्धत आहेच की. माझी आजी दर उन्हाळ्यात दारात माठ ठेवायची, त्यावर ओलं फडकं आणि पितळी ओगराळं.

---

ताडोबाप्रेमी

छान चर्चा. मी नागपूरचा, पण नोकरीमुळे चंद्रपूरला बरीच वर्षं होतो.

चंद्रपूर आणि बल्लारशाह या दोन स्टेशनांच्या भिंतींवर ताडोबाचं जंगल रंगवलंय. वाघ, झाडं, पक्षी. रेल्वे मंत्रालयाने स्टेशन सजावटीची स्पर्धा घेतली होती, २०१८ मध्ये त्यात या दोघांना मिळून पहिलं बक्षीस मिळालं, १० लाखांचं. दुसऱ्या क्रमांकावर मधुबनी आणि मदुराई होती. मधुबनीला तर गावातल्याच कलाकारांनी आपली चित्रं स्टेशनभर काढली.

मी रोज बघायचो. ताडोबाला जाणारे पर्यटक वाघापुढे उभे राहून फोटो काढायचे हे ठीकच. मला जास्त आवडायचं ते वेगळं. गावातले लोक, कोळशाच्या खाणीत काम करणारे, बाजारला जाणाऱ्या बायका, आपल्या पोरांना चित्रातलं झाड दाखवून नाव सांगायच्या. "हे मोह बघ." स्टेशन पाहुण्यांसाठी सजवलं, पण गावाच्या लोकांना ते आधी आपलं वाटलं. मग तेच पाहुण्याला हौसेने दाखवतात.

---

सातवा_डबा

सगळ्यांचं वाचतोय, भावना पटतात, पण माझं मत स्पष्ट लिहितो. घुमट, वाघ, ढोलक हे सगळं नंतर. रात्रभर प्रवास करून उतरलेल्या माणसाला आधी हवा असतो स्वच्छ संडास, पिण्याचं पाणी आणि बसायला जागा. हे तिन्ही चोख असेल तर भिंत कोरी असली तरी स्टेशन चांगलं. गांधीनगरला २०२१ मध्ये स्टेशनवर पंचतारांकित हॉटेल उभं राहिलं, भोपाळमधल्या राणी कमलापती स्टेशनचा त्याच वर्षी विमानतळासारखा कायापालट झाला. चांगलंच आहे. पण जनरलच्या डब्यातून उतरणारी बाई त्यातलं काय वापरते, यावर मी स्टेशनची किंमत करतो.

---

आईसोबत

सातवा_डबा, तुमच्या यादीत एक घाला, जिना.

माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेत. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या स्टेशनवर उतरलो, नाव लिहीत नाही. चाकाची खुर्ची आधी सांगून ठेवली होती, आली नाही. लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली. बाहेरचा रस्ता पुलाच्या पलीकडे. आईला एकेक पायरी करत वर नेलं. अठ्ठेचाळीस पायऱ्या. आईच मोजत होती, मोठ्याने, कारण मोजलं की दुखणं कमी वाटतं म्हणाली. वर पोहोचल्यावर एक हमाल आला, डोक्यावर दुसऱ्याचं सामान होतं. त्याने ते बाजूला ठेवलं, आईचा हात धरून उतरताना पुढे उलटा चालत राहिला, म्हणजे ती पडली तर त्याच्या अंगावर पडेल. पैसे घेतले नाहीत. "आमचीबी म्हातारी घरी हाय," एवढंच बोलला.

त्या शहरात आम्ही चार दिवस होतो. देवळं, बाजार सगळं पाहिलं. आईला विचारलं तर ती आजही त्या हमालाचंच सांगते. गावाची अब्रू त्याने राखली.

---

दांडियाबाजारची

आईसोबत, वाचून डोळे भरले. आईंना सांभाळा.

सातवा_डबा, तुमचं शंभर टक्के खरं आहे, मीही मूळ धाग्यात "कुठून बाहेर पडायचं हे कळलं का" हेच आधी लिहिलंय. पण एक सांगते. आत्यांना वेटिंग रूम मिळाली, संडास मिळाला, चहा मिळाला, आणि तरीही त्या विचारत होत्या, "हेच का सयाजीरावांचं गाव?" सोयीने त्यांचं शरीर सुखावलं, प्रश्न तसाच राहिला. दोन्ही हवं. एकाच्या बदली दुसरं नको.

---

फोर्टातला

मुंबईचं लिहितो. सीएसएमटी. १८८८ मध्ये पुरी झालेली वास्तुविशारद स्टीव्हन्सची इमारत, २००४ पासून जागतिक वारसा. जगात फोटो निघतात. पण लांबच्या गाडीने जो येतो तो उतरतो मागच्या फलाटांवर आणि बाजूच्या दाराने टॅक्सीकडे जातो. दारावरचे सिंह आणि वाघ, घुमटावरची मूर्ती, त्याला काहीच दिसत नाही. ती इमारत पाहायची तर लोकलच्या बाजूने बाहेर येऊन, रस्ता ओलांडून, मागे वळून बघावं लागतं. माझे सासरे कोकणातून वीस वर्षं येत-जात होते, त्यांना मी एकदा हात धरून पालिकेच्या इमारतीसमोर नेलं आणि म्हटलं, आता मागे बघा. ते बराच वेळ बोललेच नाहीत.

दांडियाबाजारची यांनी केलं तेच मी केलं. पाहुण्याला कोणीतरी "इकडे बघा" म्हणणारं लागतं.

(अवांतर: व्हेनिसला याच्या बरोबर उलट. स्टेशनच्या पायऱ्यांवर आलात की समोर थेट मोठा कालवा आणि होड्या. मुलीने लग्नानंतर नेलं होतं. तिथे कोणी काही दाखवावं लागत नाही.)

---

चौकशी_खिडकी

मी रेल्वेतून निवृत्त. शेवटची आठ वर्षं चौकशीच्या खिडकीत काढली. कुठल्या स्टेशनवर ते राहू दे, आता बडोद्यात राहतो.

लोकांना वाटतं चौकशीला जास्त विचारतात ते गाडी किती लेट. तेही विचारतात, पण उतरलेला माणूस विचारतो ते साधं असतं. "बाहेर कुठून?" "अमुक ठिकाण कुठल्या बाजूला?" "इथून रिक्षाचे किती होतात?" हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. भाडं माहीत नसलेला माणूस घाबरलेला असतो, आणि घाबरलेल्या माणसाला गाव दिसत नाही. दाराशी मोठ्या अक्षरांत चार-पाच ठिकाणांची नावं आणि बाणांच्या खुणा असल्या की अर्धी गर्दी आपोआप शांत होते.

बडोद्याची एक गंमत इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. १९७४ मध्ये गावाचं नाव अधिकृतपणे वडोदरा झालं. पिवळ्या पाटीवर गुजराती, हिंदी, इंग्रजी तिन्हीत वडोदरा. महाराष्ट्रातून येणारी म्हातारी माणसं मात्र "बडोदं आलं का?" असं विचारत दारात उभी असतात आणि पाटी वाचून परत आत वळतात. दोनदा मी स्वतः हाताला धरून उतरवलंय. रेल्वेच्या कागदावर स्टेशनचा कोड मात्र अजून बीआरसीच आहे, बरोडावरून. पाटीसमोर नातवंडांना उभं करून तिन्ही लिप्या वाचायला लावा, खाली समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहिलेली असते. मुलांना फार आवडतं.

---

काळा_घोडा_चौक

दोन दिवस लिहू की नको करत होतो. लिहितो.

आपण सगळे चांगल्या पहिल्या भेटीबद्दल बोलतोय, तर बडोद्यानेच एका माणसाला दिलेली पहिली भेट इथे नोंदवायलाच हवी. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. करार असा होता की परत येऊन बडोदा संस्थानात नोकरी करायची. त्याप्रमाणे सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यात आले. एवढा शिकलेला माणूस, महाराजांच्या पदरी नोकरी, आणि गावात डोकं टेकायला जागा मिळेना. हिंदू खानावळीत अस्पृश्याला घेत नाहीत हे त्यांना माहीत होतं. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून राहावं लागलं. अकराव्या दिवशी सकाळी कामावर निघताना काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. गावात ज्या मित्रांकडे विचारलं त्यांनीही असमर्थता सांगितली. मुंबईची गाडी रात्री होती. तोवर जायचं कुठे? ते कमाटीबागेत जाऊन बसले, कित्येक तास, झाडाखाली.

ती बाग स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवर आहे. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात आणि दर २३ सप्टेंबरला तिथे दूरदूरहून माणसं येतात. माझे वडील दर वर्षी जात. मला आठवतं, सकाळच्या गाड्यांनी नागपूरकडची, मराठवाड्याकडची कुटुंबं उतरायची, निळे झेंडे, कडेवर मुलं, हातात भाकरीचं गाठोडं. वडील स्टेशनच्या दाराशी उभे राहून त्यांना वाट दाखवायचे. "सरळ जा, काळ्या घोड्याचा पुतळा लागेल, मग बागेचं दार." कुणी नेमलं नव्हतं. आपणहून.

मी लहानपणी विचारलं होतं, तुम्ही कशाला उभे राहता, पाट्या आहेत की. ते म्हणाले, "बाबासाहेबांना या गावात 'ये, बस' म्हणणारं कुणी नव्हतं रे."

---

मांडवीकर

काळा_घोडा_चौक, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. बागेत शेकडो वेळा गेलोय, मुलांना झोपाळ्यावर नेलंय, पण स्टेशनपासून बागेपर्यंतचा तो रस्ता असा कधी पाहिला नव्हता. उद्या सकाळी फिरायला जाईन तेव्हा आधी तिथे जाईन.

---

माहेर_बडोदा

मीही. पुढच्या वेळी मुलीला घेऊन.

आता एक विचार येतो. बुलेट ट्रेनचं स्टेशन आपल्या जंक्शनला लागूनच होतंय आणि त्याच्या दर्शनी भागाची कल्पना वडावरून घेतली आहे, कारण वडोदरा हे नावच वडावरून. वडाच्या सावलीत येणाऱ्याला बसवायचं ही आपली फार जुनी रीत आहे. तो वड नुसता आकार राहू नये, खरंच सावली देणारा व्हावा. आणि त्याखाली कुठेतरी १९१७ ची ही हकिगत दोन ओळींत, नीट, आदराने लिहिलेली असावी. बडोद्याने सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये संस्थानभर लागू केलं हेही लिहावं आणि हेही लिहावं. पाहुण्याला गाव खरं दिसेल.

---

रुळावरून

पूर्ण अनुमोदन. आणि चित्रं काढायला माणसं बाहेरून आणायची गरज नाही. स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर फाइन आर्ट्सची फॅकल्टी आहे, १९५० ची. आपले इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथे शिकवत होते. त्याच्याही आधी कलाभवन, जिथे दादासाहेब फाळके शिकले. विद्यार्थ्यांना एक भिंत द्या आणि एक वर्ष द्या. माझ्या बैलांची रेल्वे त्यात असली म्हणजे झालं!

---

सातवा_डबा

काळा_घोडा_चौक यांचा प्रतिसाद वाचून माझं मत बदललं असं नाही, पण त्यात भर पडली. संडास, पाणी, बसायला जागा, आणि वाट सांगणारं माणूस. हे चौथं मी धरलं नव्हतं.

---

ताडोबाप्रेमी

मंडळी, एक विचारायचं होतं. वरचं सगळं मी वडिलांना वाचून दाखवलं. ते ८१ वर्षांचे आहेत, निवृत्त शिक्षक. दीक्षाभूमी आमच्या घराजवळच, पण संकल्पभूमी त्यांनी कधी पाहिली नाही. रात्री जेवताना म्हणाले, मला घेऊन चल. तिकिटं काढली. नागपूरहून अहमदाबादकडे जाणाऱ्या गाडीने पुढच्या शनिवारी सकाळी पोहोचतोय, दोघंच. वडील काठी घेऊन चालतात, सावकाश. बागेपर्यंत चालणं त्यांना जमेल का? राहायला जवळ काही साधं, स्वच्छ आहे का? आणि सकाळी खायला काय मिळेल?

---

मांडवीकर

सर, सयाजीगंजमध्ये स्टेशनच्या जवळच लहान-मोठी बरीच राहण्याची ठिकाणं आहेत, खोली बघूनच पैसे द्या. सकाळी गरम सेवउसळ खाल्ल्याशिवाय हलू नका, वडिलांना तिखट चालत नसेल तर तर्री वेगळी मागा. परत जाताना लीलो चेवडो घ्या, बटाट्याचा, हिरवा, ओलसर असतो. दोन दिवसांत संपवावा लागतो.

---

चौकशी_खिडकी

एक नंबरवर गाडी लागली तर पूल चढायचा प्रश्नच नाही. दुसऱ्या फलाटावर लागली तर लिफ्टने या, जिना टाळा. उतरण्याआधी डबा इंजिनापासून कितवा ते पाहून ठेवा, म्हणजे उलट चालावं लागणार नाही. वडिलांना उतरवताना आधी काठी खाली द्या, मग ते.

---

काळा_घोडा_चौक

वडिलांना चालवत नेऊ नका, रिक्षा करा. युनिव्हर्सिटीच्या बाजूने घ्यायला सांगा, घुमट वाटेत दिसेल. काळ्या घोड्याला दोन मिनिटं थांबवा, तिथून विश्वामित्रीचा पूल आणि बागेचं दार समोरच. रिक्षावाला "क्यां जवुं छे?" विचारेल, "संकल्पभूमि" एवढं म्हटलं तरी पुरतं.

किंवा असं करा, रिक्षा नकोच. माझी गाडी आहे. शनिवारी सकाळी मी मोकळा आहे. डबा नंबर आणि बर्थ व्यक्तिगत निरोपातून कळवा. बाहेर दाराशी नाही, मी फलाटावरच येतो.

---

दांडियाबाजारची

आणि जेवायला दोघंही आमच्याकडे. साधंच असेल, वरण-भात, भाकरी, एक पालेभाजी. वडिलांना पथ्य काही असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.